मागे कोण बसणार?

लहानपणी मला गाडी लागायची. मामाकडे एक लांबलचक गाडी होती आणि सगळं कुटुंब एकत्र कुठे निघालं की तीच निघायची. पुढे मोठी माणसं, मध्ये भावंडं, आणि अगदी मागे, एकमेकांकडे तोंड केलेल्या दोन अरुंद बाकांवर सामान, आई आणि मी. मी सगळ्यांत लहान म्हणून मागे, आणि मी मागे म्हणून आईही मागे. वळणांचा रस्ता सुरू झाला की पोटात ढवळायला लागायचं. मी 'थांबा' म्हणायचे. आई जरा मोठ्याने 'अहो, थांबवा जरा' म्हणायची. पण पुढे गप्पा रंगलेल्या असत, इंजिनाचा आवाज असे, आणि आमचं म्हणणं मधल्या सीटपर्यंतच पोचायचं. तिथून कुणीतरी ते पुढे सांगेपर्यंत उशीर झालेला असायचा. कपाळावर आईचा थंड हात आणि मागच्या काचेतून उलटा पळणारा रस्ता, एवढंच त्या प्रवासांतलं मला आठवतं.

आता मोठी गाडी घ्यायचं आमच्या घरात चाललंय. आम्ही सात जण आहोत: नवरा, मी, सासूबाई, सासरे, माझी आई, अकरा वर्षांचा थोरला आणि तीन वर्षांची धाकटी. आजवर दोन गाड्या काढून जायचो. एका गाडीतल्यांना दुसऱ्या गाडीतलं काही कळायचं नाही, धाकटीला नेमकं दुसऱ्या गाडीतलं माणूस हवं असायचं, आणि रात्रीच्या परतीला दोघांनाही चालवावं लागायचं. म्हणून एकच मोठी एसयूव्ही घ्यावी असं ठरलं. नवऱ्याने इंजिनांचे तक्ते काढले, थोरल्याने डॅशबोर्डवरच्या पडद्यांची मापं पाठ केली. मी एकच गोष्ट मनाशी धरली. जी गाडी बघायची, तिच्यात आधी मागे जाऊन बसायचं, आणि पुढची सीट सगळ्यांत शेवटी बघायची.

पहिल्याच शोरूममध्ये मी मागचं दार उघडलं तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, ते मुलांसाठी आहे." अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांचं मूल यांत किती फरक असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि आमच्या घरचं गणित मांडलं तर तिथे मीच बसणार होते. पुढे नवरा आणि सासरे. मध्ये धाकटीची सीट, आणि गुडघे दुखणाऱ्या दोन आज्या. उरलो थोरला आणि मी. मी मधली सीट दुमडली, वाकून, एक हात छताला आणि एक पाठीला टेकवत आत गेले आणि बसले. गुडघे जवळजवळ छातीला लागले. मांड्यांना खालून कसलाच आधार नव्हता, सगळा भार बैठकीवर. दहा मिनिटं तशीच बसून राहिले. हे दहा मिनिटांचं पथ्य मी पुढे प्रत्येक गाडीत पाळलं, कारण पहिल्या मिनिटाला कुठलीही सीट बरीच वाटते. सहाव्या-सातव्या मिनिटाला पाय आखडायला लागतात आणि मग खरं काय ते कळतं.

गुडघे असे वर का येतात, हे समजून घेताना मला या गाड्यांचा सगळा वंशच सापडला. मोठ्या कौटुंबिक गाडीची मूळ कल्पना ट्रकवरून आली. शेव्हरोलेने १९३५ साली ट्रकच्या सांगाड्यावर पोलादी छप्पर चढवून आठ माणसांची 'सबर्बन कॅरीऑल' काढली. या प्रकारात शिडीसारखी भक्कम चौकट आधी असते आणि तिच्यावर रबरी ठोकळे ठेवून वरची काया बोल्टांनी बसवलेली असते. चौकट खाली असल्यामुळे गाडीची जमीन उंच होते. शिवाय मागची दोन्ही चाकं एकाच सलग आडव्या आसाने जोडलेली असतील, तर खड्ड्यात तो अख्खा आस वरखाली होतो, आणि त्याला हलायला जागा हवी म्हणून तिसऱ्या ओळीखालची जमीन आणखी उचलावी लागते. छप्पर मात्र तितकं उचलता येत नाही. मग सीट जमिनीलगत ठेवायची, आणि बसणाऱ्याने गुडघे वर घ्यायचे. फोर्डने २००३ च्या एक्स्पिडिशनमध्ये आणि शेव्हरोलेने २०२१ च्या टाहो व सबर्बनमध्ये मागच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होऊ लागलं, तेव्हा चौकट तीच राहूनही तिसऱ्या ओळीत पाय ठेवायला जागा झाली. ज्या गाड्यांना वेगळी चौकटच नसते, काया आणि चौकट एकसंध असते, त्यांची जमीन मुळातच खाली असते. हे वाचल्यापासून मी शोरूममध्ये गेले की ओणवी होऊन गाडीखाली बघते. दोन मागच्या चाकांमध्ये जाड सलग नळी दिसली, की मागे गुडघ्यांचं काय होणार याचा अंदाज येतो.

दुसरी गोष्ट हाताने मोजायची. तिसऱ्या ओळीत बसल्यावर मी डोक्यामागे हात नेऊन वीत लावली. एका गाडीत माझं डोकं आणि मागची काच यांत एक वीत आणि दोन बोटं होती. दुसरीत जेमतेम वीतभर. मागून कुणी धडकलं तर दुमडायला आणि धक्का सोसायला गाडीपाशी किती लांबी आहे, ते इथे कळतं. डोक्याच्या उशा तिसऱ्या ओळीत बहुतेक वेळा खाली दाबून ठेवलेल्या असतात, कारण सीट सपाट दुमडायची असते. त्या वर ओढून बघाव्यात. मोठ्या माणसाच्या निदान कानांच्या वरपर्यंत उशी यायला हवी, डोक्याच्या माथ्यापर्यंत आली तर उत्तम. एका गाडीत ती पूर्ण वर ओढूनही माझ्या मानेपाशीच थांबली. अशी उशी मागून धक्का बसला तर डोकं मागे जाण्यापासून अडवू शकत नाही. बाजूच्या खिडक्यांवरून पडद्यासारख्या उतरणाऱ्या एअरबॅगा तिसऱ्या ओळीपर्यंत येतात का, हेही विचारलं. 'सहा एअरबॅग' या उत्तरात ही माहिती नसते, त्यामुळे माहितीपुस्तिका मागवून आकृती बघावी लागली.

ताऱ्यांच्या मानांकनाबद्दल माझा गैरसमज होता. पाच तारे म्हणजे गाडीतल्या सातही जणांसाठी पाच, असं मी धरून चालले होते. युरोपात गाड्या धडकवून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत सहा आणि दहा वर्षांच्या मुलांएवढ्या दोन बाहुल्या बसवतात, पण त्या मधल्या ओळीत. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने, म्हणजे आयआयएचएसने, २०२२ साली आपली समोरच्या धडकेची एक चाचणी बदलून चालकाच्या मागे एक बाहुली बसवायला सुरुवात केली. ती बाहुली लहानखुऱ्या स्त्रीच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या आकाराची आहे. पुढच्या सीटांची सुरक्षा झपाट्याने सुधारत गेली आणि मागच्या सीटा त्या वेगाने सुधारल्या नाहीत, हे ध्यानात आल्यावर केलेला हा बदल. बाहुली तिथेही दुसऱ्या ओळीतच बसते. तिसऱ्या ओळीत माझ्या थोरल्याचं काय होईल हे तारे मला सांगत नाहीत, म्हणून वीत, उशी आणि पडदा मी स्वतः बघते. तारे कोणत्या वर्षीचे तेही बघते, कारण चाचण्या दर काही वर्षांनी कडक होत जातात आणि दहा वर्षांपूर्वीचे पाच आजचे पाच नसतात.

पट्ट्याचंही सांगते. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली गाडीत आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. मामाच्या गाडीत मागच्या बाकांना पट्टा असा नव्हताच. आईचा हात हाच माझा पट्टा होता. म्हणून प्रत्येक ओळीतला प्रत्येक पट्टा मी ओढून, अडकवून, सोडून बघितला. तिसऱ्या ओळीतली खिट्टी सीटच्या फटीत इतकी खोल गेलेली असते की अंधारात, झोपलेल्या मुलाशेजारी बसून ती शोधणं जमणारं नाही. जिथे जमणार नाही, तिथे एक ना एक दिवस पट्टा न लावताच गाडी निघेल.

धाकटीची सीट आम्ही घरून नेली होती. शोरूमवाल्यांना त्याचं फार नवल वाटलं. पण या एका गोष्टीने आमच्या यादीतल्या दोन गाड्या बाद झाल्या. मुलांची सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या बहुधा मधल्या ओळीतल्या कडेच्या दोन जागांनाच असतात. म्हणजे मुलाची सीट दारालगत येणार. आणि तिसऱ्या ओळीत जायचा रस्ताही त्याच दाराने असेल, तर ती सीट काढल्याशिवाय मागच्या माणसाला बाहेर पडता येत नाही. एका गाडीत मी मागे बसलेली असताना नवऱ्याने सीट बसवली आणि मी अक्षरशः कोंडली गेले. डिकीचं दार आतून उघडायची सोय नव्हती. त्या दोन मिनिटांत जे वाटलं ते मला पुन्हा नको आहे, आणि थोरल्याच्या वाट्याला तर मुळीच यायला नको. काही गाड्यांत मुलाची सीट तशीच अडकलेली ठेवून मधली सीट अख्खीच्या अख्खी पुढे झुकते, किंवा मधल्या ओळीत दोनच सुट्या सीटा असतात आणि त्यांच्यामधून चालत मागे जाता येतं. दोन सीटांचा पर्याय छान वाटला, पण त्यात एक माणूस कमी होतो आणि आमचं सातचं गणित मोडतं. ज्या मुलांच्या सीटला खाली जमिनीवर टेकणारा पाय असतो, तो ठेवायच्या जागी जमिनीत सामानाचा पोकळ कप्पा आहे का, हेही बघायला हवं. त्या झाकणावर तो पाय टेकवायचा नसतो.

आता मुख्य मुद्दा. गेल्या तीन महिन्यांत मी शिकलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि शोरूममध्ये आपणहून ती मला कुणीही सांगितली नाही. गाडीला सात सीटा असणं आणि गाडीने सात माणसं सामानासकट वाहून नेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक गाडीचं एक रिकामं वजन असतं आणि एक कमाल अनुमत एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरेल तेवढाच भार गाडीत टाकता येतो. कमाल वजन बहुतेक वेळा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर नाहीतर आत कुठेतरी ठोकलेल्या पत्र्यावर छापलेलं सापडतं. एका संध्याकाळी आम्ही घरातल्या काट्यावर सगळ्यांची वजनं केली. नवरा ८२, मी ६१, सासरे ७४, सासूबाई ६६, आई ५८, थोरला ३८, धाकटी १४, आणि तिची सीट ११. बेरीज ४०४ किलो. यादीतल्या एका गाडीत वजाबाकी ५४० आली, म्हणजे आमच्यानंतर १३६ किलो उरतात. चार दिवसांच्या बॅगा, पाणी, धाकटीची ढकलगाडी, सगळं निभतं. दुसऱ्या गाडीत, जी दिसायला जास्त दणकट होती आणि जिच्यावर नवऱ्याचा जीव जडला होता, वजाबाकी आली ४३०. आम्ही सात बसल्यावर उरतात २६ किलो. एक मोठी बॅग आणि एक छोटी.

नवरा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. त्याने पुन्हा वजाबाकी केली. मग आम्हाला कळलं की गाडी जसजशी 'वरच्या' दर्जाची घ्यावी तसतसं तिचं स्वतःचं वजन वाढतं. काचेचं छप्पर, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, मोटरवर हलणाऱ्या सीटा, हे सगळं वाहून न्यायचं ओझंच असतं. कमाल वजन मात्र फारसं वाढत नाही, आणि माणसांच्या वाट्याचे किलो कमी होतात. एक तपशील आणखी तपासावा लागतो. काही ठिकाणी रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली टाकी आधीच धरलेली असते, युरोपातला हिशेब तसाच आहे, तर काही ठिकाणी चालक धरत नाहीत. कुठला आकडा कुठल्या पद्धतीचा, हे विचारल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करू नये.

या वजनाचा धागा हातात आला की बाकी बऱ्याच गोष्टी त्याला धरून उलगडतात. टायरच्या कडेवर मापाच्या शेवटी एक भारांक छापलेला असतो. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो. चुकून हलक्या भारांकाचे टायर बसवले तर दिसायला गाडी तशीच दिसते. दारावरच्या पट्टीवर हवेचे दोन आकडे असतात, थोड्या माणसांचा एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा एक. सातही जण निघणार त्या सकाळी दुसरा आकडा लागू होतो. गाडी मागे दबली की पुढचं नाक वर जातं आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतात. त्यासाठी स्टीअरिंगजवळ एक छोटं दातेरी चाक असतं, ते खाली फिरवायचं. काही गाड्यांत दिवे आपोआप जुळतात. आमच्या जुन्या गाडीत ते चाक होतं, आणि इतकी वर्षं ते कशासाठी आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. समोरून येणाऱ्या किती जणांना आम्ही रात्री त्रास दिला असेल, या विचाराने मला खरंच वाईट वाटलं.

डिकीच्या लिटरांवर मात्र मी फार विसंबत नाही. काही मोजमापांत २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून आकारमान काढतात, काहींत छतापर्यंत भरतात, काहींत काचेच्या खालच्या कडेपर्यंत. आणि जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा तिसरी ओळ दुमडलेली असतानाचा असतो. आम्ही आमच्या चार बॅगा घेऊन गेलो. सातही सीटा उभ्या असताना एका गाडीत दोनच बॅगा मावल्या, त्याही उभ्या. उरलेलं छतावर ठेवता येईल, असं सुचवलं गेलं. छतावरचा भार बहुतेक गाड्यांत ७५ ते १०० किलोंपुरता मर्यादित असतो, त्यात वरची पेटी आणि दांड्यांचं वजनही आलं, आणि हे किलो त्या एकूण किलोंतूनच वजा होतात.

शिवाय छतावरचं ओझं गाडीचा तोल बदलतं. गाडी उलटण्याची शक्यता मोजायचं एक अगदी साधं सूत्र आहे: दोन चाकांमधली रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. रुंदी १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर उत्तर साधारण १.१४ येतं. बसक्या मोटारीत हेच उत्तर १.३ च्या वर जातं. आकडा जितका मोठा तितकी गाडी बूड धरून राहते. गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा आल्यापासून उंच गाड्यांचं उलटणं पुष्कळ कमी झालं आहे. ती नसलेली जुनी गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही. पण सूत्र बदललेलं नाही. वर माणसं आणि त्याहून वर बॅगा ठेवल्या की सूत्रातला छेद वाढतो आणि आकडा लहान होतो.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गाडीत चालवणारा, शेजारी शोरूमचा माणूस, आणि टाकीत थोडं इंधन. अशी गाडी वेगळी असते आणि आमची गाडी वेगळी असणार. म्हणून आवडलेल्या दोन गाड्यांसाठी आम्ही सगळ्यांना घेऊन जाऊ देण्याची विनंती केली. एका ठिकाणी नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणी परवानगी मिळाली आणि आम्ही सातही जण गेलो.

गाडीचं दार उघडलं. मधली सीट पुढे झुकवली. आणि मी काही बोलायच्या आत माझी आई, सत्तर वर्षांची, गुडघ्यावर हात ठेवून, मागे जायला वाकली. "मी जाते मागे. तुम्ही बसा नीट."

मी तिचा दंड धरला. तिला त्यात विशेष काहीच वाटलं नव्हतं. मोठी गाडी आली की आपण मागे, हे तिच्या अंगवळणीच पडलेलं. सासूबाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. मी आणि थोरला मागे गेलो. आत गेल्यावर काही वेळ मला त्याच्याशी बोलता येईना.

त्या फेरीत मी मागून पाहिलं ते असं. भरलेल्या गाडीला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, हे नवऱ्याला पहिल्याच चढावर आणि पहिल्याच सिग्नलला कळलं. ताशी ८० वरून १०० वर गेलं की गाडीतली गतिज ऊर्जा निम्म्याहून जास्त वाढते, ५६ टक्के, आणि ती सगळी ब्रेकना जिरवायची असते. ताशी १०० किलोमीटरला एका सेकंदात २८ मीटर रस्ता मागे पडतो. मागच्या सीटवर, चाकांच्या जवळजवळ वर किंवा त्यांच्याही मागे बसलेल्याला प्रत्येक गतिरोधकाचा धक्का पुढच्यापेक्षा जास्त जाणवतो, कारण तिथे गाडी फळीच्या टोकासारखी वरखाली होते. लहानपणी मला मागे का लागायची, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण डोळ्यांचं: शरीराला हलणं जाणवतं आणि डोळ्यांना पुढचा रस्ता दिसत नाही. मागची खिडकी छोटी, तिची कड तिरकी वर चढत गेलेली, आणि समोर उंच डोकेउशा. थोरल्याला तिथून फक्त आभाळ दिसत होतं. ज्या गाडीत मागच्या सीटा मधल्यांपेक्षा थोड्या उंच आणि खिडकीची कड सरळ, तिथे मला बरं वाटलं. मागच्या ओळीला थंड हवेचे झरोके आहेत का आणि त्यांतून येणारा वारा खरंच तोंडापर्यंत पोचतो का, हेही अशाच फेरीत कळतं.

इंजिनाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण तो नवऱ्याचा प्रांत आहे आणि तो त्यात माझ्याहून जाणता आहे. एकच बाब आम्ही दोघांनी मिळून ठरवली. आमचं रोजचं येणं-जाणं पाच-सात किलोमीटरचं आहे. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते, आणि ती जळून साफ व्हायला गाडी बराच वेळ गरम धावावी लागते. रोजच्या छोट्या फेऱ्यांत ती तुंबते. लांबचे प्रवास नियमित नसतील तर डिझेलचा मोह टाळावा. डॅशबोर्डवरच्या पडद्यांबद्दल एवढंच, की काच पुसायचे वायपर आणि धोक्याचे दिवे बोटांनी चाचपून, न बघता लागले पाहिजेत. युरो एनकॅपनेही २०२६ पासून अशा मोजक्या गोष्टींसाठी खरी बटणं असण्याला गुण द्यायचं ठरवलं आहे.

पुढच्या सीटवर मी सगळ्यांत शेवटी बसले. तिथे बसल्यावर जो उंचीचा आनंद होतो तो मी समजू शकते. दूरवरचं दिसतं, आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पण मी नवऱ्याला खाली उभं करून एक प्रयोग केला. धाकटी जमिनीवर मांडी घालून बसली की तिचं डोकं साधारण ५५ सेंटिमीटरवर येतं. तेवढ्याच उंचीचा एक खोका आम्ही गाडीसमोर ठेवला आणि तो मला दिसेपर्यंत नवऱ्याने मागे सरकवत नेला. मला दिसला तेव्हा तो बॉनेटच्या टोकापासून जवळजवळ अडीच मीटरवर होता. त्या अडीच मीटरांत अशी तीन-चार मुलं खेळत बसली असती तरी मला दिसली नसती. हिशेब कागदावरही तोच येतो: डोळे १.६ मीटरवर, बॉनेटची कड १.१ मीटरवर आणि त्यांत सव्वादोन मीटर अंतर असेल तर नजरेची रेघ इतकीच उतरते. मागच्या कॅमेऱ्याचं महत्त्व आता सगळ्यांना पटलं आहे, अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांत तो सक्तीचाच आहे. पुढच्या या आंधळ्या पट्ट्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. आयआयएचएसने २०२३ साली मांडलं, की ज्या गाड्यांचं नाक ४० इंचांहून, म्हणजे साधारण एक मीटरहून उंच असतं, त्यांची पादचाऱ्याला धडक बसली तर ती जीवघेणी ठरण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. आमच्या गाडीतली सात माणसं मला प्रिय आहेत. गाडीसमोरून रस्ता ओलांडणारं माणूसही कुणाला तरी तितकंच प्रिय असतं. त्या दिवशी नवऱ्याने ती दणकट, उंच नाकाची गाडी स्वतःहून यादीतून काढली. २६ किलोंनी ती अर्धी गेलीच होती.

मग व्हॅन का नाही, असं सासऱ्यांनी विचारलं, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. सरकणारी दारं, खाली असलेली जमीन, मागेही सरळ बसता येईल अशी उंची. सात माणसांना नीट बसवायचं एवढंच काम असेल तर व्हॅनच्या तोडीचं काही नाही, हे मी मनापासून सांगते. आमच्या नेहमीच्या प्रवासातला शेवटचा टप्पा कच्चा, चढाचा आणि पावसात चिखलाचा आहे, म्हणून आम्हाला थोडी उंच गाडी हवी. तरी व्हॅन अजून यादीत आहे. जमिनीपासूनचं अंतर बऱ्याचदा रिकाम्या गाडीचं सांगतात. सातही जण बसल्यावर आमच्या आवडत्या गाडीचं मागचं अंग किती खाली आलं, ते थोरल्याने टेपने मोजलं: पाच सेंटिमीटर. कागदावरचे २० आता १५ झाले होते, आणि मग व्हॅनचा आकडा तितकासा वाईट वाटेना.

येत्या रविवारी पुन्हा एक फेरी आहे. यावेळी बॅगांसकट, आणि त्या कच्च्या रस्त्यावरून. आईने कालच विचारलं, तिने कुठे बसायचं. मी तिला मधल्या ओळीतली खिडकीची जागा सांगितली, तर म्हणाली, "आणि तुला लागली म्हणजे?"

मी मागे डाव्या कोपऱ्यात बसणार आहे. वळणांचा रस्ता सुरू झाला की माझ्या नेहमीच्या आवाजात, ओरडून नाही, एकदा 'थांबवा जरा' म्हणणार आहे. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही. गाडी थांबते का ते बघायचं आहे.